बाबांना दिलेला पत्ता

'तुम्ही कुठल्या?' असं कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याकडे बघते. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये शेजारी बसलेल्या बाईला 'मुलुंड' एवढं पुरतं. लग्नाच्या पंगतीतल्या काकूंना ते पुरत नाही, त्यांना गाव हवं असतं. मग मी 'कुडाळच्या पलीकडचे' म्हणते. त्यावर त्या 'म्हणजे मालवणी! मासे खाणारे!' असं म्हणून खूश होतात आणि जेवायला लागतात. त्या गावात मी आजवर तीनदा गेले आहे आणि तिन्ही वेळा परतीची गाडी किती वाजता हेच बघत होते. घर चुलत भावांकडे आहे. त्यांनी आमच्या वाटणीच्या खोलीत पंप ठेवलाय, आणि त्यात माझी काही तक्रार नाही.

जन्म घाटकोपरचा, चाळीतला. मग भांडुप, मुलुंड, अंधेरी. लग्न झाल्यावर मालाड, लग्न मोडल्यावर पुन्हा भांडुप. सगळी भाड्याची घरं, अकरा महिन्यांचा करार, बारावा महिना मालकाच्या मर्जीचा. शेवटी घाटकोपरला स्वतःचं वन रूम किचन घेतलं, तर ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आता आई आणि मी मुलुंडला, बिल्डर भाडं देतो त्या घरात. नवी बिल्डिंग अजून जोत्याच्या वर आलेली नाही.

यात बोरिवली नाही. बोरिवलीला मी एक रात्रही राहिलेले नाही. तरी एकदा अंधेरीला असताना, अंगात ताप होता, रिक्षावाल्यानं 'किधर?' विचारलं आणि मी बोरिवलीतल्या एका बिल्डिंगचं नाव सांगून डोळे मिटले. मालाड मागे पडल्यावर मला जाग आली. रिक्षा वळवायला सांगितली तेव्हा तो म्हणाला, 'मॅडम, घर का पता भूल गये क्या?' मी त्याला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. त्या पत्त्यावर माझे वडील राहतात, असं आई मानते, आणि ते तिथे पोचले मरण पावल्यानंतर.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं आणि नीट झालं. आत्ता ती आत बसून मेथी निवडते आहे आणि मी जुडी महाग आणली म्हणून बडबडते आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच घोर नको. मी लिहिते आहे ते ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातलं. पण त्यासाठी घाटकोपरच्या चाळीपासून सुरुवात करायला हवी.

आमच्याकडे घर सोडताना एक रीत आहे. सामान उतरलं, झाडूसुद्धा खाली गेला, की घरातली मोठी बाई रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहते. आधी उंबऱ्याशी जागेवाल्यासाठी नारळ ठेवायचा. जागेवाला म्हणजे त्या जागेची राखण करणारा. भाड्याच्या खोलीलाही तो असतो, एवढंच की तो करार मागत नाही. त्याला सांगायचं, इतके दिवस सांभाळलंस, काही चुकलं असेल तर पदरात घे. आणि मग आपली जी माणसं गेली आहेत त्यांना नव्या घराचा पत्ता द्यायचा. मोठ्यानं आणि सविस्तर, पाहुण्याला सांगतात तसा. कुठल्या स्टेशनला उतरायचं, पूर्वेला की पश्चिमेला, कितवा मजला. नाहीतर ती मागेच राहतात आणि पुढचे भाडेकरू त्यांना ओळखत नाहीत.

बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. वर्षभरात चाळीतली खोली सोडावी लागली. एका एजंटनं बोरिवलीला घर दाखवलं. आई एकटीच जाऊन बघून आली, मला परीक्षा होती. तिला घर फार आवडलं. खिडकीबाहेर फणसाचं झाड होतं. ठरलेल्या दिवशी टेम्पो आला, सामान चढलं. आई वर एकटी उभी होती, मी दारात. तिनं नारळ ठेवला आणि भिंतीकडे बघून बोलायला लागली. 'आमी आता बोरिवलीक जातंव. तुमी पण आमच्यावांगडा येवा.' मग पश्चिमेला उतरा, कुठल्या रस्त्याला वळा, बिल्डिंगचं नाव, दुसरा मजला, जिन्याला लागून दार. मला तेव्हा लाज वाटत होती, खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता.

आम्ही किल्ली दिली, खाली आलो. टेम्पोत चढणार तेवढ्यात एजंट स्कूटरवरून आला. म्हणाला, 'मावशी, प्रॉब्लेम झालाय. मालक नाही म्हणतो.'

'का नाही म्हणतो?'

'घरात पुरुष माणूस नाही ना तुमच्या. दुसरी फॅमिली मिळाली त्याला.'

आई त्याला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. टेम्पोवाला म्हणाला, 'बाई, कुठंतरी बोला, माझी दुसरी भाडी आहेत.' आईची एक मैत्रीण भांडुपला राहायची, तिच्या शेजारची खोली रिकामी होती. टेम्पो तिकडे गेला. संध्याकाळी सामान उतरवून झालं, स्टोव्ह पेटवला, आणि चहाचं आधण ठेवता ठेवता आई मटकन खाली बसली.

'गो, ते बोरिवलीक गेले!'

मी म्हटलं, 'मग आता इथला पत्ता सांग.'

'सांगल्यार थांबत न्हाय ते. निघाले पण असतील.'

हे मात्र खरं होतं. बाबांना कुठे जायचं म्हटलं की ते आधी जाऊन उभे राहायचे. बारशाला जायचे ते पाळणा बांधायच्या आधी.

पितृपक्षात आईनं भांडुपला गच्चीवर पान ठेवलं. कावळे समोरच्या पत्र्यावर बसले होते, एकही खाली आला नाही. शेवटी मांजरानं खाल्लं. पुढच्या वर्षी तेच. आई दरवर्षी पान ठेवताना नवा पत्ता सांगायची, आधी भांडुपचा, मग मुलुंडचा, मग अंधेरीचा, आणि मग स्वतःच म्हणायची की हे इथून ऐकू जात नाही. जिथे धाडलं तिथे जाऊनच बोलावून आणायचं असतं. मी एकदा वैतागून म्हटलं, 'मग जाऊ या ना. एक दिवसाचं काम आहे.' त्यावर ती म्हणाली, 'ज्यानं आपल्याला दारातनं परत पाठवलं, त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही.' ती खरोखर गेली नाही. तेवढ्या वर्षांत मी नोकरीला लागले, लग्न केलं, ते मोडलं, मला बोरिवलीच्या ब्रँचला बदली मिळत होती ती मी नको म्हटली. का नको म्हटलं ते साहेबांना सांगता आलं नाही. खरं म्हणजे स्वतःलाही नीट सांगता आलं नव्हतं. मी असलं काही मानते असं नाही. पण माणूस तुमची वाट बघत एखाद्या ठिकाणी उभा आहे असं तुम्हाला वर्षानुवर्षं सांगितलेलं असेल, तर त्या स्टेशनावर रोज उतरणं जमत नाही.

मग ऑपरेशनचं ठरलं. डॉक्टरांनी जोखीम समजावून सांगितली. आईनं सगळं शांतपणे ऐकलं, घरी आली, भाकऱ्या केल्या, आणि जेवताना म्हणाली, 'मी गेलंय तर हयसर मुलुंडाक येतलंय. ते बोरिवलीक. मी सेंट्रलक, ते वेस्टर्नक. ह्या वयात जमूचा न्हाय माका.'

मला हसू आलं. तिला आलं नाही.

'ऑपरेशनच्या आधी त्यांना घेऊन येऊ या,' ती म्हणाली, साध्या मराठीत. घरात ती मालवणीच बोलते. साध्या मराठीत बोलली की विषय संपलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी ॲपवरून गाडी बोलावली, आईनं पिशवीत नारळ घेतला. वाटेत मी म्हटलं की ती बिल्डिंग आता असेल की नाही कोण जाणे, सगळं बोरिवली पाडून पुन्हा बांधलंय.  आई ड्रायव्हरला रस्ता सांगत होती, आणि तो एकदाच बघितलेला रस्ता होता. 'आता डावीकडे. आता सरळ.' मधे उड्डाणपूल आला तेवढा तिला ठाऊक नव्हता.

बिल्डिंग होती. तीनमजली, गेरू रंगाची, गॅलरीला ताडपत्री बांधलेली. फणसाचं झाड नव्हतं. आई दोन जिने थांबत थांबत चढली. मी मनात ठरवून ठेवलं होतं की घर भाड्यानं बघायला आलोय असं सांगायचं, दोन मिनिटं आत उभं राहायचं, आईनं मनातल्या मनात काय ते बोलायचं आणि निघायचं. दार माझ्याच वयाच्या बाईनं उघडलं. गाऊनवर ओढणी, हाताला पीठ.

'कोण पाहिजे?'

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, 'आमचे हे हयसर आसत.'

'कोण हे?'

'माझे मिस्टर.'

त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. 'आजी, माझा नवरा ड्युटीवर गेलाय. घरात एकही पुरुष नाहीये. तुमचे मिस्टर इथे कुठून असणार?'

'ते वारले,' आई म्हणाली. 'खूप वर्षं झाली.'

 बाई दार पूर्ण उघडून म्हणाली, 'आत या आधी. पाणी घ्या.'

हॉल छोटा होता. भिंतीवर फळीवर बुद्धाची मूर्ती, पुढे दोन मेणबत्त्या. खिडकीपाशी एक वेताची खुर्ची होती, आई सरळ तिच्यात जाऊन बसली. मी सगळं सांगितलं, जेवढं कमी शब्दांत सांगता येईल तेवढं. टेम्पो, एजंट, पत्ता. सांगताना मला जाणवत होतं की हे किती खुळ्यासारखं वाटतंय, आणि आई पाणी पीत खिडकीबाहेर बघत होती, जणू तिचा त्याच्याशी काही संबंध नाही.

'हे बघा,' बाई म्हणाली, 'आम्ही बौद्ध. आत्मा, पितर, असलं आम्ही काही मानत नाही. पण तुम्ही एवढे जिने चढून आलाय. काय बोलवायचं ते बोलवा, माझी ना नाही. पीठ मळून येते तोवर.' ती आत जाता जाता वळली. 'फक्त त्या खुर्चीत जास्त वेळ बसू नका, आजी. झोप लागते.'

'म्हणजे?' मी विचारलं.

'अहो, काय माहीत. वारा येतो म्हणून असेल. माझ्या सासूबाई बसल्या की घोरायला लागायच्या. पाहुणे येतात, बोलता बोलता मान टाकतात. माझ्या भावानं तर त्याला बघायला आलेल्या मुलीकडच्यांसमोर मान टाकली होती. आधीच्या भाडेकरूंनी पण सांगितलं होतं, इथं पलंग टाका म्हणून.'

आईनं मान वळवली. 'दिवसा?'

'हो, दुपारीच. रात्री काही नाही.'

आईनं माझ्याकडे बघितलं नाही, मी तिच्याकडे बघितलं नाही. बाबांनी जन्मभर रात्रपाळी केली. आधी मिलमध्ये, मिल बंद पडल्यावर एका छापखान्यात. सकाळी यायचे, अंघोळ करायचे आणि खिडकीपाशी खुर्चीत झोपायचे. आडवं व्हायला दिवसा जागा नसायची, शेजारणी, माझ्या मैत्रिणी, सगळ्यांचा वावर. ते बसल्या बसल्या झोपायचे आणि त्यांना झोपलेलं बघून दुसऱ्यालाही जांभया यायच्या. आई म्हणायची, ह्यांच्या शेजारी बसून तांदूळ निवडता येत नाहीत.

'आई, बोल काय ते,' मी हळूच म्हटलं.  तिचे डोळे मिटले होते.

मी घाबरले, हे कबूल करते. हृदयाचा पेशंट. मी तिच्या नाकापुढे हात धरला. श्वास नीट चालू होता. झोपली होती. महिनाभर तिला रात्री उशा रचून बसवावं लागत होतं, तासाभराच्या वर ती सलग झोपली नव्हती. आणि इथे परक्या घरात, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन, तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती.

'झोपू द्या,' ती बाई दारातून म्हणाली. 'या आत, पोळ्या करता करता बोलू.'

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तिनं मला सोलायला लसूण दिला. तिचे सासू-सासरे जालन्याकडून आलेले, ती स्वतः इथेच जन्मलेली, महापालिकेत नोकरीला. घर त्यांनी आधी भाड्यानं घेतलं, नंतर विकतच घेतलं. तो जुना मालक कधीच वारला होता. मला त्याच्याबद्दल काही तरी वाटायला हवं होतं, पण लसूण सोलताना काही वाटलं नाही.

'तुम्ही कुठल्या?' तिनं विचारलं.

मी 'कुडाळच्या' म्हणायला गेले आणि थांबले. म्हटलं, 'नक्की काय सांगू ते कळत नाही मला. इतकी घरं झाली. तुम्ही काय सांगता?'

'मी? बोरिवली सांगते. मग म्हणतात, नाही हो, मूळ गाव. मग मी विचारते, कशाला पाहिजे?' तिनं पोळी तव्यावर टाकली. 'आडनावावरून कळत नाही ना कोण ते, म्हणून गाव विचारतात. तुम्ही त्यातल्या नाही, ते कळलं मला. तुमच्या आईनं तर नावही विचारलं नाही, डायरेक्ट नवरा मागितला.'

आम्ही दोघी तोंडावर हात धरून हसलो, आई उठू नये म्हणून. पण हसताना माझं लक्ष हॉलकडे होतं. तिथून आईच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि मी उगाच कान देत होते की तो एकटा आहे ना.

आई उठली तेव्हा ऊन खिडकीतून निघून गेलं होतं. तिनं पदर सारखा केला, चष्मा पुसला, आणि कुणाच्या घरी राहून निघताना बघतात तसं सगळीकडे बघितलं. मी म्हटलं, 'आता बोलाव त्यांना. मुलुंडचा पत्ता सांग आणि निघू या.'

'नको,' आई म्हणाली.

'नको म्हणजे?'

'मुलुंडाक किती दिवस? मगे घाटकोपराक. मगे आणि खंय. कशाक त्येंची फरफट?' तिनं खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. 'रवांदे. बरे आसत हयसर.'

मी या गोष्टीवर विश्वास ठेवत नव्हते, आणि तरी त्या क्षणी मला वाईट वाटलं. रागच आला म्हणायचा. एवढ्या वर्षांनी आलो, दारापर्यंत आलो, आणि ही त्यांना ठेवून निघाली. मी म्हटलं, 'आई, हे दुसऱ्यांचं घर आहे.'

'म्हणून विचारतंय ना.' मग ती त्या बाईकडे वळून साध्या मराठीत म्हणाली, 'राहिले तर चालतील का हो? त्यांचं काही नसतं. झोपून असतात.'

मला वाटलं आता ही बाई आम्हाला घालवून देईल. ती ओढणीला हात पुसत म्हणाली, 'राहू देत की. आम्ही मानतच नाही म्हटल्यावर अडचण कसली? पान वगैरे मात्र ठेवणार नाही मी.'

'पान नकोच,' आई म्हणाली. 'नारळ आणलाय. ठेवून गेले तर?'

'ठेवून नका जाऊ. फोडते, कालवणात घालते.'

आईला ते पटलं. तिनं नारळ दिला, त्या बाईनं शेंडी धरून तो कानाशी हलवून बघितला आणि म्हणाली, 'पाणी आहे.' आईनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं घर सोडताना काहीही न बोलता उंबरा ओलांडला.

खाली गाडी यायला वेळ होता. आम्ही गेटपाशी उभ्या होतो. आई दम खात होती, पण चेहरा शांत होता, महिनाभरात नव्हता इतका. मी विचारलं, 'मग तुझं काय? सेंट्रल-वेस्टर्नचं?'

'मी येतलंय ना हयसर. पत्तो पाठ आसा माका.'

'आणि मी?'

हे मी का विचारलं माहीत नाही. असल्या गोष्टी मी विचारत नाही. आईनं माझ्याकडे बघितलं, मी नोकरीच्या पहिल्या दिवशी डबा विसरले होते तेव्हा बघितलं होतं तसं.

'वाट नीट बगून ठेव,' ती म्हणाली. 'परत कोण सांगूक येतला तुका?'

गाडी वळणावर दिसायला लागली होती. मी तिला हात दाखवला आणि मग मागे वळून बघितलं. गेटसमोर पाण्याची टाकी. कोपऱ्यावर मेडिकल, त्याच्या शेजारी इस्त्रीवाला, मग बंद पडलेली पिठाची गिरणी, तिथून डावीकडे वळलं की स्टेशनचा रस्ता. बिल्डिंग गेरू रंगाची, दुसरा मजला, जिन्याला लागून दार. रंग बदलू शकतो, म्हणून मी मजल्यावर भर दिला.